पुठ्ठ्याची चावी

टीव्हीवर फुकट मिळालेल्या वस्तूला जेवढा खर्च येतो, तेवढा दुकानातून विकत घेतलेल्या वस्तूला येत नाही. हे मी गंजाड नाक्यावर बसून बरीच वर्षं बघत आलोय. माझं दुकान आधी केबलचं होतं, मग डिशचं झालं, आता त्यात रिचार्ज आणि झेरॉक्सही आहे. लोक येतात, "ललितशेट, हा मेसेज पाठवा, हा नंबर लावा," म्हणतात आणि मी लावून देतो. सरावलीच्या एका मास्तरांना अशाच एका कार्यक्रमात घरातल्या घरात पळायचं मशीन मिळालं. ते दारातून आत जाईना म्हणून चौकट काढली, मशीन आत गेलं तर पलंग बसेना, म्हणून पलंग ओटीवर आला. मास्तर तेव्हापासून ओटीवर झोपतात आणि मशीनवर लुगडी वाळतात. तरी पुढच्या वर्षी मास्तरीणबाईंनी परत मेसेज पाठवलाच. मी कुणाला अडवत नाही. फुकट ते पौष्टिक, असं समजणाऱ्या जगात मी एकटा शहाणा होऊन दुकान कसं चालणार?

धाकल्या आणि काळीची गोष्ट मात्र मास्तरांसारखी नाही. ती आठवली की अजूनही मी हातातलं काम ठेवतो.

दोन हजार पंधराचा उन्हाळा होता. पालघर जिल्हा होऊन वर्ष भरत आलेलं. 'संसाराची सापशिडी' नावाचा नवरा-बायकोंचा एक खेळ तेव्हा टीव्हीवर जोरात होता. हॉलभर पसरलेला सापशिडीचा पट, नवऱ्याने उशीएवढा फासा टाकायचा, बायकोने घरं चालायची. शिडीपाशी प्रश्न, सापापाशी शिक्षा, आणि शंभराव्या घरात पांढरी मोटारगाडी. नव्या जिल्ह्याच्या वाढदिवसासाठी त्यांना इथली एक जोडी हवी होती, आणि तीही 'एकदम अस्सल'. अस्सल हा शब्द चॅनेलच्या कोऑर्डिनेटर मुलीचा. माझ्या नंबरवरून मेसेज जास्त जातात, म्हणून तिचा फोन मला आला.

मी धाकल्या-काळीचं नाव दिलं. धाकल्या बागायतदारांच्या वाडीत चिकू उतरवायचा, काळी त्याच वाडीत चिकू निवडायची, आणि पावसाळ्यात दोघं स्वतःचं थोडं भात लावायची. दोघं माझ्या दुकानात आली की रिचार्ज कितीचं मारायचं यावरून अशी भांडायची, की बाकीची गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत बसायची. टीव्हीला हेच लागतं. डहाणूच्या निवडचाचणीत धाकल्याने गाणं म्हटलं, काळीने ते मधेच थांबवून "चुकला" म्हणून सांगितलं आणि स्वतः म्हणून दाखवलं. मुलीने तिथल्या तिथे दोघांना निवडलं.

फॉर्म मीच भरला. 'लग्नाला किती वर्षे झाली' या रकान्यात मी अठरा लिहिलं, कारण त्यांची थोरली सुषमा साधारण तेवढी होती. त्यांचं लग्न झालेलं नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या आदिवासी पाड्यात निम्मी जोडपी तशीच आहेत. पोरगी आवडली, घरच्यांना पसंत पडली की ती घरी राहायला येते, पोरं होतात, पोरं मोठी होतात. लग्न म्हणजे अख्ख्या गावाला जेवण. ते हातात धान्य आणि पैसा आला की, सवडीने. त्यावरून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. फक्त एक गोष्ट पाळतात, आईबापांचं लग्न लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही.

आणि काळीची गाडी नेमकी तिथेच अडली होती. सुषमाचं सरावलीच्या नविनशी ठरलेलं. नविन डहाणूला एका कारखान्यात कामाला. त्याच्या घरचे म्हणाले, आमच्याकडे पोरगी अशी येणार नाही, लग्न लावूनच येईल. म्हणजे आधी काळीचं लग्न लागायला हवं, तेही तिच्या मनासारखं. घरातल्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात देवी बसवायची, धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचं. आमच्याकडे भटजी, तशी त्यांच्याकडे धवलेरी, लग्न लावणारी बाई. पाड्यातली धवलेरी जमनाबाई काळीला भेटली की दरवेळी विचारायची, "मंग, कवा?" आणि काळी म्हणायची, "यंदा."

तर जून महिन्यात दोघं मुंबईला शूटिंगला गेली. सोबत मी. माझी बायको कीर्ती म्हणाली, "तमे केम जाओ छो? तुम्हाला कुणी बोलवलंय?" मी म्हटलं, मॅनेजर लागतो.

खेळ मी प्रेक्षकांत बसून पाहिला. काळी पटावर अनवाणी चालली, कारण स्टुडिओतल्या चपला तिला चावत होत्या. दोन साप लागले. पहिल्या सापाला धाकल्याला साडी नेसून नाचायला लावलं. तो इतका छान नाचला की शिक्षा कुणाला झाली ते कळेना. शेवटच्या शिडीपाशी 'जोडीचा प्रश्न' आला. नवऱ्याला काचेच्या खोलीत बसवून कानात गाणी लावायची, बायकोला प्रश्न विचारायचा, मग नवऱ्याला बाहेर आणून तोच विचारायचा. उत्तरं जुळली की शंभरावं घर.

निवेदकाने कार्ड वाचलं, "काळीताई, तुमच्या लग्नाच्या पंगतीला गोड काय होतं?"

काळी म्हणाली, "आमचा लगीन नाय झाला."

निवेदक हसला. लोक हसले. "अहो ताई, गंमत करू नका, गाडी जाईल हातातली."

"गंमत नाय. झालाच नाय तं गोड काय सांगू? करू यंदा."

धाकल्याला बाहेर आणलं. तोच प्रश्न. धाकल्याने काळीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, डोकं खाजवलं. मला वाटलं हा आता जिलेबी नाहीतर श्रीखंड ठोकून देणार. बाकी कुणीही दिलं असतं.

"गोड?" तो म्हणाला. "लगीनच नाय केला अजून. केला की सांगतो."

निवेदकाने कार्ड उलटून पाहिलं. मग मागच्या रांगेतली एक बाई ओरडली, "जुळलं की!" आणि सगळा हॉल उभा राहिला. निवेदकाने कानातल्या यंत्रावर कुणाचं तरी ऐकलं, हात वर केले, वरून चमकीचे कागद पडले. धाकल्याच्या हातात पुठ्ठ्याची, सोनेरी कागद चिकटवलेली, हातभर लांब चावी आली. खरी चावी नंतर मिळते, असं ती मुलगी म्हणाली. येताना रेल्वेत धाकल्या ती चावी मांडीवर आडवी धरून बसला होता आणि डहाणू रोडला उतरेपर्यंत त्याने ती खाली ठेवली नाही.

पाड्यात महिनाभर त्या चावीसोबत फोटो काढणं चाललं. ज्यांचे फोटो निघाले त्यांनी ते माझ्याकडे छापून घेतले, तेव्हा या बक्षिसाचा पहिला फायदा मलाच झाला, हे कबूल करतो.

मग अडचणी यायला लागल्या. गाडी तलासरीला हायवेवरच्या एका डीलरच्या आवारात आणून ठेवली होती. ती सोडवायची तर आधी किमतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाचा कर भरायचा, मग नोंदणी, विमा. धाकल्याच्या पाड्याला रस्ता नाही, मधे ओढा. चालवणार कोण, ठेवणार कुठे, पेट्रोल घालणार कशाने? पण नविन हुशार पोरगा. त्याने डहाणूचा एक चिकूचा व्यापारी गाठला. व्यापारी म्हणाला, कर मी भरतो, गाडी मी घेतो, उरलेले पैसे तुमचे. उरलेल्या पैशात काळीचं आणि सुषमाचं, दोन्ही लग्नं एका मांडवात थाटात झाली असती आणि वर दोन बैल आले असते. धाकल्याने बैलांची नावंसुद्धा ठरवली.

तेवढ्यात कोऑर्डिनेटर मुलीचा फोन आला. "सर, एक छोटासा इश्यू आहे. लीगलवाले म्हणतायत, लग्नच झालेलं नाहीये तर हे कपल कसं? रूलमध्ये मॅरिड कपल आहे."

"अहो, तीन पोरं आहेत त्यांना."

"सर, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. तुम्ही मॅरेज सर्टिफिकेट पाठवा, शूटिंगच्या आधीच्या तारखेचं. बस. आम्ही पण तो प्रश्न एडिट करून टाकतो. पण महिनाअखेरपर्यंत हवं, नाहीतर गाडी दुसऱ्या नंबरच्या जोडीला जाईल."

शूटिंगच्या आधीची तारीख. म्हणजे उद्या लग्न लावूनही उपयोग नव्हता. अर्थात तसाही तो आषाढ होता. कोठीतलं भात तळाला गेलेलं, शेतात लावणी. अशा दिवसांत जमनाबाई कुणाच्या दारात गायला जात नाही.

पण कागदाला कुठे पाऊस लागतो? नविनने एक एजंट शोधला. दोन साक्षीदार, एक प्रतिज्ञापत्र, मागची कुठलीही तारीख. साक्षीदार म्हणून मी सही करायला तयार होतो, आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. अठरा वर्षं एका चुलीवर जेवणारी दोन माणसं नवरा-बायको नाहीत असं म्हणणाऱ्या लीगलला काय म्हणायचं?

कागद घेऊन आम्ही माझ्या दुकानात बसलो. धाकल्याने सही केली. पेन काळीकडे दिलं. काळी चौथीपर्यंत शिकलेली. तिने कागद वाचायला घेतला आणि वाचता वाचता थांबली.

"ही तारीख कंची?"

"सुषमाच्या आधीची," नविन म्हणाला. "सहज टाकलीय, मामी."

"त्या दिसाला काय झाला होता?"

"काय नाय झाला," धाकल्या म्हणाला. "कागदावर फक्त. सही कर."

"कागदावर झाला तं झाला ना." तिने पेन खाली ठेवलं. "माझा लगीन मागं नाय झाला. माझा लगीन पुढं हाय. तो मागं लिवला तं पुढं काय करू?"

"त्याच पैशात करू ना, येडे! खरा लगीन! सगला गाव जेवंल!"

"एकदा झालेला परत लावतात काय? दुसरेपणाला चौक नाय लिवत. जमनाबाईला काय सांगू, टीव्हीवाल्यांना लिवून दिला झाला म्हणून, तरी गाणी बोल?"

मी मधे पडलो. म्हटलं, काळीबाई, जमनाबाई काही पंचायतीचे कागद तपासायला जात नाही. कुणाला कळणार नाही.

"मला कळंल ना, शेट," ती म्हणाली.

तसा धाकल्या ओरडला. इतके दिवस दुकानात त्यांची भांडणं ऐकली, पण हे वेगळं होतं. तो म्हणाला, तुला गाडी नको, बैल नको, पोरीचं भलं नको, तुला फक्त भिंतीवर चित्र पाहिजे. काळीने कागद घडी करून माझ्या काउंटरवर ठेवला आणि पावसात निघून गेली. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? एका सहीचं काम, आणि तिने दोन लग्नं, दोन बैल, एक गाडी पाण्यात घातली.

त्या महिन्यात धाकल्या दर रविवारी एसटीने तलासरीला जायचा, गाडी बघायला. मला हे कळलं, कारण एकदा डिशचं सामान आणायला गेलो तेव्हा तो मला हायवेच्या कडेला उकिडवा बसलेला दिसला. समोर डीलरच्या जाळीपलीकडे ती पांढरी गाडी, बॉनेटवर भिजून लोंबणारी लाल रिबीन. तिथला वॉचमन वापीकडचा. त्याने याला ओळखलं होतं. माझ्यादेखत त्याने फाटक उघडलं, गाडीचं दार उघडलं, म्हणाला, "बेस, बेस. आगळ बेस ने." धाकल्या पुढे बसला नाही. मागचं दार उघडायला लावून मागच्या सीटवर, कडेला, अंग चोरून बसला. कारण जन्मभर ज्या ज्या गाडीत तो बसला, त्यात तो तसाच बसला होता. मी त्याला हाक मारली नाही. सामान घेतलं आणि दुसऱ्या बाजूने निघून आलो.

महिना संपला. गाडी नाशिककडच्या जोडीला गेली. वाढदिवसाच्या विशेष भागात त्यांचाच खेळ दाखवला. गाडी नाही तर निदान खेळ तरी दाखवतील म्हणून आमच्या दुकानासमोर अख्खा पाडा धाकल्याला नाचताना बघायला जमला होता. पडद्यावर कुणी तिसरंच नाचलं. लोक थोडा वेळ थांबले आणि उठून गेले.

ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जायला लागल्या तसा धाकल्या उंबरगावला खलाशी म्हणून गेला. जाताना काळीशी बोलला नाही. इकडचे बरेच जण हंगामाला बोटीवर जातात, त्यात नवल नाही. पण ते दिवाळीला येऊन जातात. हा आला नाही.

मग लोकांची तोंडं सुटली. नाक्यावर बसणारा काकड्या म्हणाला, "लगीनच नाय तं त्याला काय, तो मोकला." ही गोष्ट आजवर पाड्यात कुणाबद्दलच कुणी बोललं नव्हतं. आमच्या टीव्हीने शिकवली. कीर्तीसुद्धा म्हणाली, "बाईने नवऱ्यापेक्षा भिंत मोठी केली." मी तिला म्हटलं, गप्प बस. पण मलाही तेच वाटत होतं.

काळीने एकटीने भात कापलं, झोडलं. बाजाराच्या दिवशी ती दुकानात यायची आणि म्हणायची, "शेट, लागतो काय बघा." मी धाकल्याचा नंबर लावायचो. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. ती म्हणायची, "पाण्यात आसंल." आणि जायची. एकदा तिच्याबरोबर सुषमा होती. ती माझ्यासमोरच म्हणाली, "आई, मी जातं नविनकडं अशीच. तू पण अशीच गेली होतीस ना?"

काळी म्हणाली, "शिमग्यापरत थांब." इतक्या हळू की काउंटरवर वाकलो म्हणून मला ऐकू आलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की तिलाही भीती वाटते. तोवर मला ती हट्टी वाटत होती. हट्टी माणसाला भीती वाटत नाही असं आपण का धरून चालतो, कोण जाणे.

शिमग्याच्या आदल्या दिवशी धाकल्या आला. आधी माझ्या दुकानात. काळा पडलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर सुक्या बोंबलांची पिशवी. फोन चार्जिंगला लावून तो स्टुलावर बसला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "ती गाडी शेवटी कुणाला गेली?"

"नाशिककडच्यांना."

"ठेवली त्यांनी?"

ठेवली नव्हती. कोऑर्डिनेटर मुलीने सांगितलं होतं, कर भरायला त्यांनी कर्ज काढलं, आणि कर्ज फेडायला गाडी विकली. घरी फक्त चावीचा फोटो राहिला. मी हे सांगितलं तेव्हा धाकल्या इतका हसला की त्याला ठसका लागला.

"बरा झाला," तो म्हणाला. मग चार्जिंगचा फोन काढून घेतला. "शेट, बोटीवर सगले विचारत, तुझी बायको काय बोलली टीव्हीत? मी सांगत होतो. खरा बोलली, आणि मी पण तोच बोललो, काचंत बसून. तिचा काय पण ऐकला नसताना." पिशवी उचलून तो उठला. "हंगामाचा पैसा हाय. भात तिनं ठेवला आसंलच. तिला काय सांगू नका. मी सांगतो."

त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी काळी दुकानात आली आणि फोन लावायला न सांगता, नुसती पाच मिनिटं पंख्याखाली बसून गेली.

त्याच उन्हाळ्यात मांडव पडला. आधी आईबापांचं, मग पोरीचं, एकाच दिवशी. गावाने आपापल्या घरचं भात आणून दिलं, तशी रीतच आहे. मी आणि कीर्तीने बुंदी पाठवली. चौक मी दारातून पाहिला. गेरूच्या भिंतीवर पांढरीशुभ्र देवी, तिच्या चौकोनाची बारीक नक्षी, बाहेर सूर्य, चंद्र, फणी, शिडी. लग्नाच्या चौकात शिडी पहिल्यापासून असते, हे मला तेव्हा कळलं. आणि शिडीच्या शेजारी कुणा खट्याळ सवाशिणीने एक मोटारगाडी लिहिली होती, चार चाकांची, आत मागच्या बाजूला दोन माणसं. धाकल्या वाकून बघून म्हणाला, "मी मागं का बसलो?" बायका खो खो हसल्या आणि काळीने काडी घेऊन पुढे एक माणूस काढला.

जमनाबाई गायला बसली. म्हातारीचा आवाज फाटलेला, पण तिने एक ओळ गाळली नाही. काळी त्या भिंतीसमोर बसली होती, हळद लावलेली, शेजारी धाकल्या, मागे त्यांची तीन पोरं. मी लग्नं पुष्कळ पाहिली आहेत आणि बहुतेकांत जेवणावर लक्ष ठेवून असतो. या लग्नात मी जेवणाला शेवटी गेलो. मला फार बरं वाटत होतं, एवढंच सांगतो. नंतर लग्नाची नोंद केली, खरी तारीख घालून. साक्षीदार म्हणून सही माझीच आहे.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात त्या मुलीचा पुन्हा फोन. आता ती मोठ्या हुद्द्यावर होती. "सर, सापशिडी परत येतेय. राहून गेलेल्या जोड्यांचा स्पेशल करतोय. तुमची ती जोडी! आता सर्टिफिकेट आहे ना? प्राइझ गाडीच आहे."

मी पाड्यावर गेलो. ओढ्यावर आता साकव झालाय. धाकल्याच्या घरामागे कोंबड्यांचं खुराडं आहे आणि त्याच्या दाराला अडसर म्हणून ती पुठ्ठ्याची चावी लावलेली, सोनेरी कागद पार उडालेला, वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. मी म्हटलं, जायचं तर सराव हवा. धाकल्याला ओढ्यावर पाठवलं आणि काळीला विचारलं, "तुमच्या लग्नाच्या पंगतीला गोड काय होतं?"

"गूल-भात," काळी लगेच म्हणाली.

धाकल्याला बोलावलं. "बुंदी," तो म्हणाला.

"बुंदी सुषमाच्या लगनाची!" काळी उसळली. "आपल्या पंगतीला गूल-भात. मी रांधायला सांगला होता."

"एकच पंगत होती. पानात बुंदी होती. मी खाल्ली."

"तू ताडी पिऊन बसला होतास, तुला काय दिसला?"

मी पुढचा प्रश्न टाकून बघितला, लग्नात कोण रडलं? तिने सांगितलं धाकल्या, त्याने सांगितलं काळी. लग्नाच्या दिवशी मी दारात उभा होतो, मला दोघंही रडताना दिसली होती. लग्न नव्हतं तेव्हा यांची उत्तरं जुळली होती. आता लग्न होतं, तर पहिल्या सापालाच खाली येणार.

तेवढ्यात त्या मुलीचाच फोन आला. मी काळीच्या हातात दिला. ओट्याच्या टोकाला जरा रेंज मिळते, तिथे ती उभी राहिली.

"काळीताई, लग्नाचं थोडं सांगा ना, आम्हाला स्टोरी लागेल," एवढं मला ऐकू आलं.

आणि काळी सांगायला लागली. वैशाखातला दिवस. जमनाबाईने कुठलं गाणं आधी घेतलं. चौक कुणी कुणी लिहिला, पीठ कुणी वाटलं. गंजाडहून कोण आलं, सरावलीहून किती माणसं आली, ढोलवाल्याचा ढोल कसा फाटला आणि त्याने डबा कसा वाजवला. धाकल्या मधे मधे "तसा नाय" म्हणत होता आणि ती त्याला हाताने गप्प करत होती. गूळ-भाताचं आलं, तेव्हा तिने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं.

सांगता सांगता ती ओट्यावरून उतरून खुराड्यापाशी आली होती. तिथे रेंज नाही. फोन कटला होता, स्क्रीन काळा पडला होता, मला दिसत होतं. तिला दिसत नव्हतं. ती सुषमाच्या पाठवणीपर्यंत पोहोचली होती. मी तिथल्या पाटावर बसलो आणि पुढचं ऐकायला लागलो.